सापळ्यांच्या रोगणास द्रावक कोणतें पत्करावें?

कांदा चाळींत भरण्याचे दिवस जवळ आले, कीं उंदीर-घुशींच्या सापळ्यांची आठवण होते, आणि त्याबरोबर एक प्रश्नही हटकून आमच्यापुढें येतो. नवा लोखंडी सापळा काळ्या रोगणांत बुडवून काढावयाचा, तर तें रोगण पातळ करण्यास काय वापरावें? कोणी पेट्रोल सांगतो, कोणी रॉकेल सांगतो. आणि निघोज्यासारख्या गांवांत, जेथें शेताचा बांध संपतो तेथेंच कारखान्याची भिंत सुरू होते, तेथें कोणी फुकट मिळालेल्या थिनरचा डबा पुढें करतो. प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या उत्तरांत घराची आग, अंगाचा रोग व विहिरीचें पाणी या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम सापळ्याचें महत्त्व. उंदीर हा केवळ चार पायल्या धान्य खाणारा चोर नव्हे. 1896 सालीं मुंबईंत व पुढच्या वर्षीं पुण्यांत ग्रंथिक ज्वरानें जो हाहाकार उडविला, त्याचें मूळ उंदराच्या अंगावरील पिसवेंत होतें, हें शास्त्रज्ञांनीं नंतर सिद्ध केलें. ही गोष्ट फार जुनी झाली असें कोणी म्हणेल, तर त्यानें 1994 साल आठवावें. किल्लारीच्या 1993 सालच्या भूकंपानंतर मराठवाड्यांत अनेक लोक घरें सोडून बाहेर राहिले, सोडलेल्या घरांत धान्य राहिलें, उंदीर माजले, आणि पुढील वर्षीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं प्लेगनें पुन्हां डोकें वर काढलें. उंदराच्या मूत्रानें भिजलेल्या चिखलांतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस तर आजही पावसाळ्यांत माणसें घेऊन जातो. विषाचें आमिष हा एक उपाय आहेच; परंतु झिंक फॉस्फाईड खाऊन जो उंदीर मेला नाहीं तो पुन्हां त्या आमिषास तोंड लावीत नाहीं, आणि जेथें मुलेंबाळें, कुत्रीं, कोंबड्या वावरतात तेथें विष ठेवणें धोक्याचें असतें. म्हणून घरांत व चाळींत सापळा हाच प्रशस्त.

आतां सापळ्यास रोगण कां द्यावयाचें, हें ध्यानांत घेतल्यावांचून द्रावकाची निवड करतां येणार नाहीं. बाजारांतून आणलेल्या सापळ्यावर कारखान्याच्या तेलाचा थर असतो. उंदीर जात्या शंकेखोर. ओळखीच्या जागेंत नवी वस्तू दिसली, कीं तो कांहीं दिवस तिच्या वाटेस जात नाहीं. त्यांत तिला परका, उग्र वास असेल तर ही शंका अधिकच वाढते. दुसरें असें, कीं उघड्या लोखंडास ओल लागली म्हणजे गंज चढतो, खिटी अडकते, कमान मंद होते, आणि चाप वेळेवर पडत नाहीं. तात्पर्य, गंज रोखणें आणि परका वास न राहूं देणें हे दोन हेतु. माणसाच्या हाताच्या वासाची मात्र फार धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. जो उंदीर आपल्याच घरांत जन्मला व वाढला, त्यास आपला वास नवा नाहीं. हातमोजे घालावे ते रोगापासून बचावासाठीं.

द्रावकाचें काम हमालासारखें आहे. रोगण लोखंडावर नेऊन पोंचवावें व आपण निघून जावें. जो हमाल ओझें टाकून घरांतच ठाण मांडतो, तो कामाचा नव्हे; आणि जो जातां जातां घरास आग लावतो, तो तर मुळींच नव्हे. या कसोटीवर एकेक द्रावक घांसून पाहूं.

पेट्रोल हें सर्वांत सुलभ, आणि आमच्या मतें सर्वांत वाईट. तें लवकर उडून जातें हा त्याचा गुण सांगतात. परंतु तोच त्याचा दोष आहे. उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडींतही त्याची वाफ पेट घेऊं शकते; मग आपल्याकडील चैत्रांतील दुपारीं काय होईल, हें सांगावयास नको. ही वाफ हवेहून जड असल्यामुळें वर न जातां जमिनीवरून पसरत जाते. अंगणांत ठेवलेल्या बादलींतील वाफ पडवींतील चुलीपर्यंत गेली, तर ती ज्वाळा घेऊन परत येते. शिवाय पेट्रोलमध्यें बेंझीन असतें. सध्यांच्या भारत स्टेज सहाच्या नियमानें त्याचें प्रमाण शेंकडा एकपर्यंतच ठेवलें आहे हें खरें. पण बेंझीन रक्ताचा कर्करोग उत्पन्न करतें हें निर्विवाद ठरलेलें असतां, त्यांत उघडे हात बुडविण्यांत शहाणपण कोणतें? आणखी एक नवी अडचण अशी, कीं आतां पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्यें शेंकडा वीसपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. उसाच्या शेतकऱ्यास ही गोष्ट हिताची असेल. परंतु डामराचें काळें रोगण मद्यार्कांत विरघळत नाहीं. त्यामुळें असें मिश्रण फाटण्याचा व थर खरबरीत बसण्याचा संभव असतो. वडिलांच्या वेळची कृति आजच्या पेट्रोलला लागू पडत नाहीं, ती यामुळें.

थिनरविषयीं आम्हांस अधिक स्पष्ट बोलावयाचें आहे. दुकानांत मिळणाऱ्या थिनरमध्यें बहुधा टोल्युईन व तत्सम द्रव्यें असतात, कित्येकांत मिथेनॉलही असतें. टोल्युईनची वाफ सुमारें 4 अंशांवरच पेट घेण्याजोगी होते. मिथेनॉल कातडींतूनही अंगांत शिरतें, आणि त्यानें दृष्टि जाते हें विषारी दारूच्या प्रत्येक दुर्घटनेनें दाखविलें आहे. ही विकत घेतलेल्या, लेबल लावलेल्या डब्याची कथा. चाकण-म्हाळुंगे-निघोजे परिसरांत जो डबा ओळखीपाळखीनें हातीं येतो, त्यावर लेबलही नसतें. रंगकामाचीं यंत्रें धुऊन उरलेलें तें द्रावण असतें. त्यांत कोणते रंग, कोणते धातु मिसळले आहेत हें देणाराही सांगूं शकत नाहीं. 2016 सालच्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणें असें वापरलेलें द्रावक अधिकृत संस्थेकडेच गेलें पाहिजे. तें शेतकऱ्यास फुकट देणारा उपकार करीत नाहीं, आपली विल्हेवाटीची जबाबदारी आपल्या गळ्यांत बांधतो. तोच डबा पुढें रिकामा झाल्यावर धुऊन पाण्यास किंवा पेंडीस लावल्याचें आम्हीं पाहिलें आहे. असें कोणीही करूं नये. वासानें नाहींसें झालेलें विष भांड्यांतून नाहींसें होतेंच असें नाहीं.

रॉकेल त्या मानानें सौम्य. 35 अंशांच्या खालीं त्याची वाफ सहसा पेटत नाहीं. परंतु हा हमाल लवकर घर सोडीत नाहीं. त्याचा तेलकट अंश कित्येक दिवस रेंगाळतो, रोगण चिकट राहतें, आणि वास तर सापळ्यापुरता न राहतां शेजारच्या धान्यांत व गुळांत उतरतो. म्हणून रोगणच द्यावयाचें असेल, तर रंगाच्या दुकानांत मिळणारें खनिज टर्पेंटाईन आम्ही पसंत करतों. तें रॉकेलहून स्वच्छ उडतें व पेट्रोलइतकें भडक नाहीं. तरीही काम उघड्यावर, चूल-विडीपासून दूर करावें, थर पातळ द्यावा, आणि सापळे दोन-तीन आठवडे सावलींत, वाऱ्यावर टांगून मगच वापरावे.

परंतु आमचें खरें मत याच्याही पुढें जातें. सापळ्याच्या कामास यांपैकीं एकाही द्रावकाची गरज नाहीं. ज्या द्रावकास वास नाहीं, जें पेटत नाहीं व जें प्रत्येक घरीं आहे, तें म्हणजे पाणी.

कृति सोपी आहे. सापळा प्रथम धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत अर्धा तास उकळावा. दहा लिटर पाण्यास दोन मुठी सोडा पुरतो. सर्व तेल सुटतें. मग स्वच्छ पाण्यानें धुऊन दोन-चार दिवस दंवांत ठेवावा, म्हणजे किंचित् तांबूस गंज धरतो. तो येथें इष्ट आहे. नंतर कुटलेला हिरडा किंवा बाभळीची साल पाण्यांत उकळून त्या काढ्यांत सापळा तासभर मंद आंचेवर ठेवावा व रात्रभर तसाच बुडलेला राहूं द्यावा. हिरड्यांतील टॅनिनचा लोखंडाशीं संयोग होऊन काळा रंग चढतो. हिरडा आणि लोखंड यांपासून काळी शाई करण्याची युक्ति आपल्या वाडवडिलांस ठाऊक होती.

शेवटीं मेण. एका रुंद भांड्यांत पाणी तापवून त्यावर पॅराफिनचें किंवा मधमाशीचें मेण सोडावें. तें वितळून वर तरंगतें. सापळा तळाशीं पाण्यांत ठेवून तो पाण्याइतका गरम झाला, कीं मेणाच्या थरांतून सावकाश वर काढावा. थंड लोखंडावर मेणाचे जाड पापुद्रे बसतात व गळून पडतात. गरम लोखंडावर पातळ पटल बसतें. मेण नुसतें विस्तवावर कधींही वितळवूं नये. तें भडकलें तर पाण्यानें विझत नाहीं, उलट उसळतें. खिटीच्या टोंकाचें मेण मात्र पुसून टाकावें, नाहींतर ती निसटून चाप आपोआप पडतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीच्या पिंजऱ्यास यांतलें कांहींच नको. तो कोमट साबणाच्या पाण्यानें धुऊन उन्हांत वाळविला म्हणजे झालें.

यावर आक्षेप येईल, कीं एवढा खटाटोप कोणी करावा? रोगणांत बुडविलें, काढलें, काम संपलें. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. ज्याच्याकडे पन्नास सापळे आहेत त्यास रोगण सोयीचें वाटेल. पण आपल्यांतील बहुतेकांकडे चार-दहा सापळे असतात. फाल्गुनांत एक दिवस दिला, तर वर्षाचें काम होतें. आणि रोगणाचे दोन-तीन आठवडे वाळवण हिशेबांत धरलें, तर हिरड्याची कृतिच लवकर आटोपते. शिवाय हिरडा आपल्याच खेड-आंबेगांवच्या पश्चिम डोंगरांतला. तो वेंचणाऱ्या महादेव कोळी बांधवांच्या हातीं दोन पैसे पडले, तर तें पंपावर दिल्याहून बरें.

एक इशारा येथें देणें आमचें कर्तव्य आहे. वरील सर्व विवेचन उंदीर-घुशींच्या सापळ्यांपुरतें आहे. रानडुकरांचा उपद्रव आम्ही जाणतों. एका रात्रींत भुईमुगाचा तुकडा उकरला गेला म्हणजे काय वाटतें, हें आम्हांस सांगावयास नको. तथापि डुकरासाठीं तारेचा फास किंवा दांत्यांचा चाप लावणें हा 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. उभ्या पिकाच्या नाशासाठीं त्याच कायद्याच्या अकराव्या कलमांत परवानगीची वाट ठेवली आहे; ती कितीही संथ वाटली तरी तीच धरावी. जुन्नर, आंबेगांव, खेड या तालुक्यांतील उसांत बिबट्या नांदतो. डुकराच्या फासांत तो अडकला, तर कायद्याचा बडगा राहो बाजूस, जखमी बिबट्याजवळ पहांटे पाणी धरण्यास जाणाऱ्या गड्याचा जीव धोक्यांत येतो.

राहिली उरलेल्या द्रावणाची गोष्ट. हिरड्याचा काढा थंड झाल्यावर बांधाच्या कडेस ओतला तरी फारशी हानि नाहीं. रोगण-टर्पेंटाईनचें तसें नाहीं. तें झांकणाच्या डब्यांत स्थिर ठेवावें. गाळ बसला, कीं वरचें स्वच्छ द्रावक पुढील वर्षीं उपयोगी पडतें. ओढ्यांत मात्र तें एक थेंबही जाऊं नये. निघोज्याचा ओढा इंद्रायणीस मिळतो, आणि इंद्रायणी येथून आळंदीस जाते. तेथें नदीवर तरंगणारा फेंस पाहून आपण सर्वच हळहळतों, कारखान्यांस व शहरांस बोल लावतों, आणि तो बोल अनाठायीं नाहीं. पण ज्याच्या स्वतःच्या हातून नदींत विष जात नाहीं, त्याच्याच बोलास वजन येतें. ओढ्याकांठच्या ज्या विहिरींत तें पाणी झिरपतें, ती तर आपलीच आहे.

म्हणून आमची वाचकांस विनंति इतकीच, कीं यंदां कांदा चाळींत घालण्यापूर्वीं सापळे खालीं काढावे, पेट्रोलचा डबा गाडीसाठीं राखून ठेवावा, बिननांवाचा डबा ज्याचा त्यास परत करावा, आणि चुलीवर पाण्याचें भांडें चढवावें. उंदीर त्यानें कमी पकडले जाणार नाहींत. आणि पकडणारा मात्र धडधाकट राहील.