ठराव कुणाच्या नावाचा?

अमरावती-अकोल्याच्या शेतकरी भाऊ-बहिणींनो, तुमच्या गावच्या सेवा सहकारी सोसायटीची आमसभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावीच लागते. यंदा त्या सभेला जा. तेव्हा सोयाबीन सोंगणीला आलेलं असतं, मजूर मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही दोन तास काढा.

का, ते नागपूरकडे पाहा म्हणजे कळेल. सोसायटीला पीककर्जाचा पैसा जिल्हा बँकेकडूनच मिळतो. बँकेला ठेवींतला काही हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेने हे रोखे होम ट्रेड आणि इतर खासगी दलाल कंपन्यांमार्फत घेतले. पैसे कंपन्यांकडे गेले, रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. १५० कोटींहून जास्त रक्कम बुडाली. होम ट्रेडच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर आणि शाहरूख खान दिसत. एवढ्या मोठ्या नावांच्या कंपनीवर कोण शंका घेणार? बँकेचे अध्यक्ष होते सुनील केदार, जे पुढे राज्याचे पशुसंवर्धनमंत्री झाले. गुन्हा २००२ मध्ये दाखल झाला. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ रोजी. केदारांसह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि केदारांची आमदारकी गेली. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

निकालाला एकवीस वर्षं लागली. ज्याला २००२ च्या जूनमध्ये सरकीच्या थैलीसाठी पीककर्ज हवं होतं, त्याने ही एकवीस वर्षं कशी मोजायची? जिल्हा बँकेचं दार बंद झालं की माणूस सावकाराच्या ओट्यावर जातो. सातबाऱ्यावरचं वावर तिथूनच हातचं जातं.

हे नागपूरचं प्रकरण, आपलं नाही, असं म्हणू नका. बुलढाणा तर वऱ्हाडातलाच जिल्हा. तिथल्या जिल्हा बँकेने पुढाऱ्यांच्या संस्थांना दिलेली मोठमोठी कर्जं थकली. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही बँकांना नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या अशा २३ बँका वाचवण्यासाठी २,३७५ कोटींची योजना मंजूर केली, त्यांत या तिन्ही होत्या. पुढाऱ्यांच्या चुकीची भरपाई जनतेच्या पैशातून झाली.

आता मुख्य गोष्ट. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटीचं मत तुम्ही देत नाही. ते सोसायटीचा एक प्रतिनिधी देतो आणि तो कोण, हे संचालक मंडळ ठराव करून ठरवतं. बँकेत संचालक व्हायला निघालेला पुढारी गावात येतो तो त्या एका ठरावासाठी. निवडणुकीआधी या मतदारांना सहलीला नेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तुमच्या पीककर्जाची तिजोरी कुणाच्या हाती जाणार, हे असं चार माणसांत ठरतं, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून आमसभेला जा आणि सोसायटीच्या सभासदाचे हक्क वापरा. सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे ताळेबंद, सभासदांची यादी आणि आमसभेचं इतिवृत्त सोसायटीच्या कार्यालयात फुकट पाहता येतं. गटसचिव ‘नंतर या’ म्हणाले तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जा. एकट्याने जाऊ नका, पाच-दहा जण मिळून जा. बायकांच्या नावावर सभासदत्व असेल तर त्यांनीही यावं.

आणखी एक. जिल्हा बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. कापसाचे किंवा पोरीच्या लग्नाचे पैसे दोन टक्के जास्त व्याजासाठी कुठे ठेवताय, ते ठेवण्याआधी पाहा.

जिल्हा बँकेची निवडणूक जवळ आली की सोसायटीत जाऊन विचारा: ठराव कुणाच्या नावाचा झाला, कोणत्या तारखेच्या सभेत झाला आणि त्या सभेला कोण कोण हजर होतं?