खोकं, सूप आणि दोन वर्षांचे हात

फुलपाखरू माझ्या सुनेनं केलं. पंख तिनं कातरले, डिंक तिनं लावला, डोळ्यांच्या जागी काळे मणीही तिनंच चिकटवले. नातीच्या वाट्याला एक लाल टिकली आली, तीही मनगट आईच्या मुठीत असताना. मग फोटो निघाला, घरच्या गटावर गेला, आणि वडसा, नागपूर, पुणे अशा तिन्हीकडून 'किती हुशार गं!' असे निरोप आले. हुशार नेमकं कोण, हे कुणी विचारलं नाही. नात तोवर छपरीत पोचली होती. दिवाळीचे दिवस, हलकं धान नुकतंच घरात आलेलं. तिनं सूप ओढलं, दोन मुठी धान त्यात टाकलं, सूप उलटं केलं, आणि सांडलेला एकेक दाणा वेचून पुन्हा सुपात टाकू लागली. भरलं की पुन्हा उलटं. माझी सकाळची भांडी झाली, आंगण झाडून झालं, तरी तिचं काम संपलं नव्हतं.

फुलपाखराचं सामान ज्या खोक्यातून आलं, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की, या कलाकृतींतून तुमचं मूल स्वतःचा शोध स्वतः घेईल. आत एक कागद होता: पहिली पायरी, दुसरी पायरी, पाचव्या पायरीला फुलपाखरू. माझं भांडण त्या कागदाशी आहे. शेवटी काय निघणार हे ज्या कामात आधीच छापलेलं आहे, त्यात शोधायचं काय उरलं?

पण पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, नाहीतर खंडन म्हणजे नुसती कुरबुर. खोक्याच्या बाजूचे लोक म्हणतात: पहिल्या तीन वर्षांत मेंदू फार झपाट्यानं वाढतो, ही वर्षं वाया घालवू नयेत. शहरात आंगण नाही, आजी नाही, आई-बाप दोघंही नोकरीवर. अशा घराला वयानुसार निवडलेलं सामान तयार मिळालं तर बिघडलं कुठे? यातलं पहिलं विधान शंभर टक्के खरं आहे. दुसऱ्यातली अडचणही खरी आहे, ती माझ्या मुलाच्या घरात मी डोळ्यांनी पाहते. खोट आहे ती या दोन्हींवरून काढलेल्या निष्कर्षात. पऱ्हे जोमात वाढतात म्हणून रोज सकाळी उपटून मुळं मोजत नाही कुणी. तिथे पाणी बांधून ठेवायचं आणि बांध फुटू द्यायचा नाही, एवढंच आपलं काम.

दोन वर्षांच्या लेकराची कला ही वस्तू नसते, क्रिया असते. भरणं, ओतणं, फाडणं, मळणं, झाकण लावणं, काढणं, खाली टाकणं. जाँ पियाजेनं आपल्या तिन्ही लेकरांचे असे खेळ तासन्‌तास पाहून टिपणं काढली. मूल चमचा खाली टाकतं, मग उंचावरून टाकतं, मग बाजूला फेकतं, तेव्हा ते खोडी करत नसून दर वेळी काय वेगळं होतं ते पाहत असतं, असा त्याचा निर्वाळा. आपण मात्र चमचा उचलून ठेवतो आणि फुलपाखराचा कागद पुढे करतो.

मला हे बोलायचा अधिकार कुठून आला, तर चुका करून. तीस वर्षं मी पहिलीचा वर्ग घेतला. झाडाचं खोड जांभळं रंगवलं म्हणून किती पोरांच्या हातातला खडू मी बदलला असेन, त्याची गणती नाही. एकानं तर सांगितलंही होतं की पळसाला पानं नसतात तेव्हा तो सांजच्याला जांभळाच दिसतो. मी त्याला खाली बसवलं.

आता मॉन्टेसरी या शब्दाकडे येऊ, कारण खोक्यावर तोही होता. मारिया मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत उघडलं. वस्ती कष्टकऱ्यांची, आई-बाप कामाला गेले की पोरं जिन्यांवर भिंती खरवडत बसायची. ज्या पद्धतीचा जन्म असा झाला, तिचं नाव आज महागड्या लाकडी ठोकळ्यांवरचा शिक्का होऊन बसलंय. महागड्या साहित्याचा हा प्रश्न आपल्याकडे कुणाला पडलाच नव्हता असं नाही. भावनगरात गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. शास्त्रोक्त साहित्य परवडणारं नव्हतं आणि गावातल्या मुलांच्या ओळखीचंही नव्हतं. मग शिंपले, बिया, पानं, खडे, मातीची भांडी हेच साहित्य झालं. काही वस्त्यांतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. पुढे कोसबादच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या वारली पोरांसाठी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तो शब्द देशभर पसरत आमच्या कुरखेडा तालुक्यातल्या टोल्या-टोल्यांवर पोचला. म्हणजे खोक्याला उत्तर शोधायला मला परदेशी जायचं कारण नाही. ते उत्तर गावात पिवळ्या भिंतीवर नावासकट रंगवलेलं आहे.

तरी एक फट राहतेच. अंगणवाडीतलं पूर्वप्राथमिक शिक्षण तीन वर्षांच्या पुढच्यांसाठी. सरकारनं फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' काढला, खेळणी, बाहुल्या, कोडी असलेला, तोही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी. तीनच्या आतलं लेकरू बहुतेक घराच्याच हवाली. आणि घर काय करतं? मोबाइल देतं.

इथे मी सुनेला एकटीला दोष देणार नाही. रोवणीच्या दिवसांत आमच्या भागातल्या बाया सकाळीच बांधीत उतरतात. धुऱ्यावर छत्रीखाली लहानगं, त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण, आणि तिच्या हातात बापाचा फोन. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं की, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, आणि त्यापुढेही दिवसाला तासाभराहून जास्त नको. एक ते चार वयाच्या मुलांनी दिवसाकाठी तीन तास तरी हालचाल केली पाहिजे, हेही त्यातच आहे. धुऱ्यावरच्या त्या पोराला हे तीन तास फुकट मिळण्यासारखे आहेत आणि नेमके तेच फोन खातो. वर त्या फोनमधल्या बाहुलीची भाषा घरातल्या कुणाचीच नाही. आमच्या झाडीबोलीत डोळे 'डोरे' होतात. नात एकदा माझ्या चष्म्यावर बोट ठेवून 'डोरे' म्हणाली, तर आतून आवाज आला, 'डोरे नाही बेटा, आईज म्हण!' पलीकडच्या टोल्यावर घरात गोंडी चालते, तिथल्या लेकराला तर एका शब्दासाठी दोन पायऱ्या उतराव्या लागतात. वस्तू हातात असते त्या क्षणी तिचं घरातलं नाव कानावर पडलं तरच ते नाव त्या वस्तूला चिकटतं. आईज कशाला चिकटणार? पडद्यावरच्या निळ्या मांजरीला.

इतकं ऐकून आमचे गावकरी खूश होतात. म्हणतात, 'बाई, आमच्या लेकरायले काही शिकवा लागत नाही. जंगलच त्यायची शाळा.' शहरातून पाहुणे येतात तेही मोहाच्या झाडाखाली उभे राहून हेच म्हणतात, फक्त शुद्ध मराठीत. हा दुसरा पूर्वपक्ष, आणि मला तो खोक्यापेक्षा घातक वाटतो, कारण तो आपल्याला हात झटकायला मोकळीक देतो.

जंगल काही शिकवत नाही. ते फक्त असतं. लाल-काळी गुंज किती देखणी, पण चावली गेली तर विष. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाऊन दवाखान्यात गेलेली पोरं आमच्या भागात कुणाला नवीन नाहीत. चूल, पाण्यानं भरलेली बादली, बांबूची ताजी कोर, तणसाच्या ढिगातला विंचू, हे सगळं त्याच आंगणात. म्हणून कुणीतरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. खेळण्यांच्या कारखान्यांना एक नियम पाळावा लागतो: सव्वा इंच रुंदीच्या छोट्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते, ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाला द्यायची नाही, घशात अडकते. हा नियम चिंचोक्यालाही लागू, सीताफळाच्या बीलाही, चारोळीलाही. नात धान वेचत होती तेव्हा मी भांडी घासली हे खरं, पण दोन हातांवर बसून, आणि नजर तिच्या नाका-तोंडावर ठेवून. आजी म्हणून मी तेवढीच कामाला आले. तिला दाखवलं काही नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. घरात जे काम चाललं आहे त्यात लेकराला शिरू द्या, खरी वस्तू हातात द्या, जीवघेणं तेवढं उचलून ठेवा, नाव सांगा आणि मग हात मागे घ्या. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड. एलिनॉर गोल्डश्मीड नावाच्या इंग्रज बालशिक्षिकेनं बसू लागलेल्या बाळांपुढे टोपली ठेवायला सांगितली: लाकडी चमचा, ब्रश, साखळी, लोकरीचा गोळा, फळ, पण प्लास्टिक नाही. आणि मोठ्यांनी शेजारी गप्प बसायचं. टोपलीचं वर्णन वाचून मी हसले. बुरडाकडची टोपली, लाकडी पळी, नारळाची करवंटी, धुतलेला दोडका, सुती फडकं, गंज आणि त्याचं झाकण, एवढं माझ्या आजीच्या छपरीत लोळत असे. शेजारी गप्प बसणं मात्र तिला जमत नसे.

चैत्रात पहाटे मोहफुलं पडतात. दोन वर्षांचं पोर एक फूल दोन बोटांत धरतं, दाबतं, रस बोटाला लागतो, हुंगतं, मग टोपलीत टाकतं. आईची टोपली भरते तोवर त्याची पाच फुलं होतात, त्यातली दोन पोटात. पेन्सिल धरायची ती चिमूट हीच. मनगटातली आठ हाडं जन्मतः कूर्चेची असतात. तिसऱ्या वर्षापर्यंत त्यातली जेमतेम दोन-तीन क्ष-किरणात दिसू लागतात. हाडांवरून अक्षरांचा मुहूर्त काढता येत नाही हे मला कबूल आहे. पण अडीच वर्षांच्या पोराकडून ठिपके जोडून घेणाऱ्यांनी तो फोटो एकदा पाहावा.

थंडीत पोपटाच्या शेंगा सोलायला बसवा. शेंग उकलली की आत काय निघेल हे त्याला माहीत नसतं, कधी तीन दाणे, कधी अळी. दाणे मात्र तुमच्या वाटीत पडू द्या, त्याला टरफलांचा ढीग पुरतो. पोळ्याला मातीचा बैल करताना गोळा त्याच्याही हाती द्या. त्याच्या बैलाला पाय नसतील, शिंगंही नसतील, तरी तुम्ही लावू नका. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी तर ओढायच्या खेळण्याचा अर्कच: दोरी ओढली की चाकं फिरतात, ढील दिली की नंदी थांबतो, वळणावर कलंडतो. हल्ली तान्ह्या पोळ्यात नंदीपेक्षा वेशभूषेचं बक्षीस मोठं असतं, आणि दोन वर्षांचे शिवाजी महाराज मिशीला कंटाळून रडत असतात. असो.

'वेळ कुठून आणायचा?' हा आक्षेप मला टाळायचा नाही. पोर मदतीला बसलं की अर्ध्या तासाचं सोलणं तासावर जातं. हे नुकसानच आहे आणि ते बाईच्या अंगावर पडतं. पण त्याच घरात बापही असतो. बांबू सोलणारा बाप बोटभर नव्हे, वीतभर लांबीचा तुकडा तासून, कोर मोडून लेकराला देऊ शकतो. आंगणात पाण्याचा गंज आणि दोन वाट्या ठेवून शेजारी विडी न ओढता बसू शकतो. एवढं आमच्याकडे अजून फारसं घडत नाही.

नागपूरला परत जाण्याच्या आदल्या दिवशी सून वांग्याला हळद लावत होती. नातीनं हळदीत पंजा बुडवला. सून ओरडणार होती, पण फोन लावलेला असल्यामुळे राहिली. पिवळा पंजा फडक्यावर उमटला, भिंतीवर उमटला. मी तिला न्हाणीत नेऊन हाताला साबण लावला आणि हळदीचा हात लालभडक झाला. तिनं हात पाहिला, साबण पाहिला, माझं तोंड पाहिलं. मग साबण माझ्या हातातून काढून घेतला, भिंतीवरच्या पिवळ्या पंजापाशी चालत गेली, आणि तिथे घासला. पंजा लाल झाला. सुनेनं फोन खाली ठेवला होता. त्या वेळचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना सून म्हणाली, 'आई, तिकडं सूप कुठं मिळेल?' मला काय आनंद झाला! आठवडी बाजारातून बुरडाकडचं लहान, घट्ट विणीचं सूप आणून दिलं, गाडीत मोडू नये म्हणून साडीत गुंडाळून. महिन्याभरानं फोटो आला. सूप नागपूरच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेलं, त्यावर ॲक्रिलिक रंगात एक सुरेख फुलपाखरू.

दुसरं सूप मी घेऊन ठेवलंय.