ग्रहांचीं छायाचित्रें : खरें कोणतें?

अलीकडे आमच्या शाळेंतील कांहीं विद्यार्थ्यांस एक नवें वेड लागलें आहे. रात्रीं गच्चीवर लहानशी दुर्बीण मांडावयाची, तिला कॅमेरा जोडावयाचा, गुरूचें किंवा शनीचें चलच्चित्र घ्यावयाचें, आणि पुढचे दोन दिवस संगणकापुढें बसून त्यांतून एकच स्थिर चित्र काढावयाचें. या वेडाविषयीं पालकांचे दोन आक्षेप आमच्या कानीं आले आहेत. पहिला, कीं त्यानें अभ्यास बुडतो. दुसरा, कीं असें ‘तयार केलेलें’ चित्र मुळीं खरेंच नव्हे. संगणकानें रंगरंगोटी केली आणि मुलानें शाबासकी घेतली. पहिल्याचें उत्तर वेळापत्रकानें देतां येतें, व तें ज्याचें त्यानें आपल्या घरीं द्यावें. दुसरा आक्षेप मात्र मुलांच्या प्रामाणिकपणास भिडणारा आहे, आणि तो अगदींच निराधारही नाहीं. म्हणून त्याचा विचार येथें करितों.

मूळ अडचण काय आहे ती आधीं पाहावी. गुरु पृथ्वीसमोर येतो तेव्हां त्याचें बिंब सुमारें ४६ विकला भरतें. दहा रुपयांचें नाणें १२० मीटरांवर धरलें असतां जेवढें दिसेल, तेवढेंच हें. त्यावरचे पट्टे आणि तांबडा डाग टिपावयाचे, आणि तेही मधल्या हवेंतून! ही हवा क्षणभरही स्वस्थ नसते. ओढ्याच्या तळाचा गोटा वाहत्या पाण्यांतून पाहावा तसा ग्रह हलतो, पसरतो, मध्येंच निमिषभर लख्ख दिसतो आणि पुन्हां विरघळतो. जुने निरीक्षक त्या एका निमिषासाठीं तासन्‌तास दुर्बिणीस डोळा लावून बसत व जें दिसलें तें हातानें रेखाटीत. आजचा कॅमेरा एका सेकंदांत शंभर चौकटीही घेऊं शकतो. दोन-तीन मिनिटांत हजारों चौकटी जमतात. त्यांपैकीं बहुतेक बिघडलेल्या, थोड्या चांगल्या. ऑटोस्टॅकर्टसारखी प्रणाली त्यांतील चांगल्या तेवढ्या निवडून एकावर एक नेमक्या रचते. शंभर चौकटींची सरासरी घेतली म्हणजे कॅमेऱ्याच्या दोषानें उठणारी कणी दहाव्या हिश्श्यावर येते, आणि जें प्रत्येक चौकटींत होतें तेंच टिकतें. मग रेजिस्टॅक्ससारख्या प्रणालीनें दबलेले बारकावे उठावांत आणावयाचे. यास वेळेचेंही बंधन आहे. गुरु आपल्याभोंवतीं ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. म्हणून चित्रण तीन-चार मिनिटांहून फार लांबलें, कीं त्यावरील डाग फांसटूं लागतात.

यांत रंगरंगोटी ती कोठें आहे? शंभर साक्षीदारांस वेगवेगळें विचारावें आणि ज्यावर सर्वांचें एकमत पडतें तें खरें धरावें, त्यांतलाच हा प्रकार. न्यायाधीश असें करितो तेव्हां त्यास कोणी लबाड म्हणत नाहीं.

‘डोळ्यानें पाहिलें तेंच खरें’ असें म्हणणाऱ्यांस आम्ही मंगळाच्या कालव्यांची आठवण देऊं. १८७७ सालीं इटलींतील शियापारेल्ली यांनीं मंगळावर रेघा पाहिल्या. अमेरिकेंत पर्सिव्हल लॉवेल यांनीं त्या रेघांचें जाळेंच काढलें व ते बुद्धिमान् प्राण्यांनीं खणलेले कालवे होत असें प्रतिपादिलें. ते कांहीं खोटें बोलत नव्हते. त्यांस तसें दिसत होतें. १९०९ सालीं अँटोनियाडी यांनीं पॅरिसजवळील म्यूदों येथील मोठ्या दुर्बिणींतून पाहिलें, तेव्हां त्या रेघा मोडून निरनिराळे ठिपके व डाग दिसले. मनानें आधींच ठरविलेलें डोळा पुरवितो. कॅमेऱ्यास मन नाहीं, हा त्याचा मोठा गुण होय.

परंतु संगणकापुढें बसलेल्या मुलास मन आहे, आणि आक्षेपांतील सत्यांश तो हाच. बारकावे उठावांत आणण्याची कळ जरा अधिक फिरविली, कीं बिंबाच्या कडेस नसलेली कड उमटते, एका पट्ट्याचे दोन होतात, आणि शनीच्या कड्यांतील फट हवी तेवढी काळी करितां येते. याहून पुढची पायरी म्हणजे यंत्रानेंच चित्र पुरविणें. २०२३ सालीं एका गृहस्थानें चंद्राचें चित्र मुद्दाम धूसर करून, संगणकाच्या पडद्यावर लावून, त्याचा फोटो एका नामांकित कंपनीच्या फोनानें घेतला. त्या धूसर चित्रांत जे बारकावे नव्हतेच, ते फोटोंत उमटले! चंद्र कसा दिसतो हें फोनास शिकविलेलें होतें. त्यानें पाहिलें नाहीं, पाठ म्हटलें. परीक्षेंत असें करणाऱ्या मुलास आपण काय म्हणतों हें पालकांस सांगावयास नकोच.

यंदाच्या अंकासाठीं अशींच दोन चित्रें आमच्याकडे आलीं होतीं. एक तेजस्वी व रेखीव. पण त्यांतील किती ग्रहाचें आणि किती फोनाचें हें आणणाऱ्यास सांगतां येईना. दुसरें फिकट, दोन करडे पट्टे कसेबसे दाखविणारें. मात्र त्याजबरोबर तारीख, वेळ, दुर्बिणीचा व्यास, निवडलेल्या चौकटींची संख्या आणि मूळ चित्रफीत होती. आम्हीं फिकट चित्र पसंत केलें. पहिल्या मुलानें कांहीं पाप केलें असें नव्हे. त्यास ठाऊकच नव्हतें. पण नवव्या आज्ञेंत जी खोटी साक्ष निषिद्ध आहे, ती शेजाऱ्याविरुद्ध देऊं नये तशी गुरूविरुद्धही देऊं नये, एवढें त्याच्या ध्यानीं आलें, हें एका सुंदर पानाहून आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. मूळ फीत जपून ठेवणें हाच येथें प्रामाणिकपणाचा दाखला. फीत असेल तर दुसरा कोणीही तीच रीत पुन्हां करून पाहूं शकतो.

अशा साक्षीचें वजन किती असतें पाहा. १९ जुलै २००९ रोजीं ऑस्ट्रेलियांतील अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकास आपल्या साडेचौदा इंची दुर्बिणीच्या चित्रांत गुरूवर एक काळा डाग आढळला. ती कोणत्याही उपग्रहाची किंवा त्याच्या सावलीची जागा नव्हे, हें ताडून त्यानें तें जगास कळविलें. मग मोठमोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या; अंतराळांतील हबल दुर्बीणही वळली. कसली तरी वस्तू गुरूवर आदळली होती, आणि ती बातमी घरच्या अंगणांतून निघाली होती.

आपल्याकडेही ही वाट नवी नाहीं. १८८८ सालीं प्रो. कावसजी नायगमवाला यांनीं भावनगरच्या महाराजांच्या देणगीच्या आधारें पुण्यास वेधशाळा उभारली. तेथें २० इंची आरशाची दुर्बीण होती. १९१२ सालीं ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालास गेली. त्याच पुण्यांत १९४४ सालीं ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली; आणि तिच्याच एका सभासदानें, सोळा वर्षांच्या प्रथमेश जाजू यानें, मे २०२१ मध्यें घरूनच चंद्राच्या निरनिराळ्या भागांचीं ३८ चलच्चित्रें घेऊन, त्यांतील सुमारें ५०,००० चौकटींतून एक चित्र सिद्ध केलें. दुर्बीण पांच इंची. चित्रणास सुमारें चार तास लागले आणि संगणकावरील कामास चाळिसांच्या आसपास! एका चित्रासाठीं चाळीस तास एका जागीं बसणाऱ्या मुलास ‘चंचल’ हा शेरा कोणता शिक्षक देईल?

आतां ओझरविषयीं. ग्रह टिपण्यास आपला गांव इंग्लंडाहून चांगला आहे, हें किती जणांस ठाऊक असेल? ग्रह जितका वर, तितकी मधली हवा कमी. आपण सुमारें २० अंश अक्षांशावर असल्यामुळें ग्रह आपल्या माथ्याजवळून जातात. २०२० सालीं गुरु दक्षिणेकडे झुकला होता, तेव्हां लंडनांत तो क्षितिजावर जेमतेम १६ अंश चढे, आणि येथें ४८ अंश. शिवाय निफाड तालुक्याची थंडी प्रसिद्धच आहे. वारा पडलेल्या रात्रीं हवा पुष्कळदां स्थिर असते. हवा फार गोठली म्हणजे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात, त्यांचा धूर व ऊब यांनीं ग्रह नाचूं लागतो खरा; पण शेतकऱ्याचें वर्षाचें पीक वांचत असतां आपण एक रात्र सोडावी हेंच बरें. पत्र्याच्या छपरावरून मात्र पाहूं नये. दिवसभर तापलेला पत्रा रात्रीं बराच वेळ ऊब सोडीत राहतो. दुर्बीणही तासभर आधीं बाहेर ठेवून थंड होऊं द्यावी.

आमच्या मतें शाळेनें सहा किंवा आठ इंची एक साधी दुर्बीण घ्यावी. प्रत्येक घरानें ती विकत घ्यावी असें आम्ही सुचवीत नाहीं; कॅमेऱ्याच्या व यंत्राच्या किंमती पाहतां तें कित्येकांस झेपणार नाहीं, आणि ज्यास झेपतें त्याचेंच नांव अंकांत यावें हेंही योग्य नव्हे. येथील विमानांच्या कारखान्यांत १९६४ पासून काम चालत आलें आहे. कित्येक विद्यार्थ्यांचे वडील तेथें सूक्ष्म मापें घेण्यांत मुरलेले आहेत. आरसे एका रेषेंत आणणें व पायाचें यंत्र नीट बसविणें त्यांनीं एका रविवारीं मुलांस शिकविलें, तर विज्ञानशिक्षकाचें अर्धें काम होईल. ज्यांस दुर्बीण मिळणार नाहीं त्यांनाही काम आहे : २०१६ सालीं गुरूपाशीं पोंचलेल्या जूनो यानाच्या कॅमेऱ्याचीं मूळ चित्रें सर्वांस खुलीं ठेवलेलीं आहेत, त्यांवर हात बसवितां येईल.

२०२७ च्या फेब्रुवारींत गुरु आणि मंगळ एकाच महिन्यांत पृथ्वीसमोर येतात. मंगळाचें बिंब या खेपेस चौदा विकलांहूनही लहान राहील, तेव्हां त्यापासून फार अपेक्षा ठेवूं नये, गुरूपासून ठेवावी. वार्षिक परीक्षेस तेव्हां अवकाश असतो. पालकांनीं त्या महिन्यांतील एक शनिवारची रात्र मुलांस द्यावी, सोबत एक घोंगडी द्यावी, आणि जमल्यास स्वतःही वर यावें.