चित्र विकले, हक्क नव्हे

वस्तीतील पोरे नाट्यगृहाच्या आवारात माणसांची चित्रे मांडून लिलाव करतात, तेव्हा आम्हांला अभिमान वाटतो. पण बोली संपली म्हणजे चित्रकाराचा संबंध संपला, असे नाही. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवलेल्या हुसेन यांचे १९५४ चे ‘ग्रामयात्रा’ २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना गेले. आपल्या पोरांच्या चित्राचे मोल उद्या काय होईल, कोणी सांगावे? १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५३-अ आले. स्वतःच्या मनाने काढलेले चित्र पुढे दहा हजारांहून अधिक किमतीला विकले गेले, तर चित्रकाराला, त्याच्या पश्चात वारसांना, त्या किमतीत वाटा मागता येतो. जास्तीत जास्त १० टक्के. पैसे घेऊन ऑर्डरीवर काढलेल्या चित्राला सहसा हा हक्क नाही. म्हणून आयाबायांनो, विक्रीची पावती, चित्राचा फोटो आणि घेणाऱ्याचा पत्ता पेटीत जपून ठेवा. घामाचा हिशेब कागदावर असावा.