वसईचे आजोबा

दिवाळीच्या पणत्या लागल्या, की मला हटकून वसईच्या एका दफनभूमीतल्या मेणबत्त्या आठवतात. 2 नोव्हेंबर हा कॅथलिक लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी आप्तांच्या थडग्यांवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्यांतले एक थडगे माझ्या कॉलेजमधल्या मित्राच्या आजोबांचे आहे.

मी त्यांना प्रथम पाहिले 1999 साली. नंदाखालच्या बाजूला त्यांची वाडी होती. पंचाहत्तरीचे आजोबा पानवेलींना पाणी देत होते. तोंडाने घरच्या माणसांशी सामवेदी बोलीत काहीबाही चालले होते. माझ्याशी मात्र ते शुद्ध पुस्तकी मराठीत बोलू लागले. मी मराठीचा विद्यार्थी. मोठ्या कौतुकाने म्हणालो, ‘‘आजोबा, तुम्ही मराठी फार छान बोलता हो!’’

ते हसले. ‘‘मग बाळा, दुसरी कोणती बोलू?’’

लाल लुगड्यातल्या आजींनी पुढे केलेली सुकेळी मी खाली मान घालून खाल्ली. ज्या माणसाच्या कित्येक पिढ्या याच मातीत केळी लावीत आल्या, त्याला मी त्याच्याच घरात पाहुणा ठरवले होते!

आजोबांचा दिवस घड्याळासारखा चाले. पहाटे उठून देवळात मिस्सेला जायचे. हो, वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. मग दिवसभर वाडी. तिन्हीसांजेला सारे घर वेदीपुढे चटईवर बसे आणि जपमाळ सुरू होई. पाहुणा असो, परीक्षा असो, माळ चुकत नसे. घरची माळ मराठीत, पण देवळातली मिस्सा लॅटिनमध्ये. तिची उत्तरे अर्थ न कळताच त्यांना तोंडपाठ होती. 1962 ते 1965 या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि मिस्सा लोकभाषेत आली. तेव्हा आजोबा चाळिशीचे होते. म्हणत, ‘‘पहिल्या दिवशी तोंडच उघडेना. ज्या भाषेत बैलाला हाक मारतो, त्याच भाषेत देवळात देवाशी बोलायचे? लाज वाटली. मग वाटले, त्याला काय, बैलही त्याचाच!’’

आजोबा संत नव्हते. त्यांच्या थोरल्या लेकीने एका हिंदू मुलाशी लग्न केले, तेव्हा त्यांनी तिला घराचे दार बंद केले. सहा वर्षे तिच्याशी अक्षर बोलले नाहीत. पण रोज माळ संपली, की ते घरातल्या एकेकाचे नाव घेऊन देवापाशी मागणे मागत. त्या नावांत पहिले नाव तिचेच असे. आजी पदराने डोळे पुसत. पण त्यावर बोलण्याची कोणाची छाती नव्हती.

एका संध्याकाळी माळ चालू असताना ती लेक दारात येऊन उभी राहिली. धाकट्या बहिणीने सरकून जागा दिली, तशी चटईच्या कडेला बसली. आजोबांनी प्रार्थना थांबवली नाही. शेवटी नावे आली. त्यांनी सगळ्यांची घेतली, फक्त तिचे घेतले नाही. घर गारठले. माळ खिशात टाकून ते उठले आणि म्हणाले, ‘‘समोर बसलेल्या पोरीबद्दल देवाला काय सांगायचे? हिला वाढा.’’ पुढच्या रविवारी जावईही जेवायला आला.

ही हकीकत मला त्या लेकीनेच सांगितली. ‘‘सहा वर्षे बाबा माझ्याशी बोलले नाहीत,’’ ती म्हणाली, ‘‘पण माझ्याबद्दल बोलायचे एक दिवस थांबले नाहीत. मला हे कळले असते, तर मी आधीच आले असते.’’

आजोबा 2021 साली गेले, 97 वर्षांचे होऊन. शेवटी माणसे ओळखू येईनाशी झाली होती. बोटे मात्र माळेवर फिरत आणि ओठांवर नावे येत. थोरलीचे पहिले.

2024 साली दिवाळीचा पाडवा आणि मृतांचा दिवस एकाच तारखेला आले. मी संध्याकाळी वसईला गेलो. थडग्यावर झेंडूची फुले होती, आमच्या दारावरच्या तोरणातली असावीत तशीच. मेणबत्त्यांच्या रांगेत जावयाने घरून आणलेली एक पणती ठेवली. वाऱ्याने ती विझली, तेव्हा शेजारच्या थडग्यावरच्या म्हातारीने आपल्या मेणबत्तीने ती पुन्हा लावून दिली.