कॅसिनोतली समता आणि आपला विसावा भाग

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मोबाईलवरची पोकरची टेबलं बंद झाली, पण लागलेली चटक कायद्याने जात नाही. पुण्यातून रात्रीची गाडी धरली की सकाळी गोवा. तिथे मांडवीतल्या जहाजांवर खरे पत्ते, खरा डीलर, खऱ्या चिप्स. दापोडी, येरवडा, ताडीवाला रोडच्या वस्त्यांत काम करताना पहिल्यांदा असं 'लाइव्ह' पोकर खेळून आलेली आपली पोरं मला भेटतात. कुणी आयटी कंपनीत सपोर्टला आहे, कुणी डिलिव्हरीवर, कुणी एमपीएससीचा नाद सोडलेला. 'जुगार वाईट' एवढं सांगून त्यांचं समाधान होत नाही. त्यांच्याकडे युक्तिवाद आहेत आणि त्यांना उत्तर देणं चळवळीचं काम आहे.

पहिला युक्तिवाद: पोकर हा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे. न्यायालयांचंही यावर एकमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकरला जुगारच ठरवलं. कायदा बाजूला ठेवू. रूलेटमध्ये तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळता, पोकरमध्ये समोरच्या माणसांविरुद्ध. म्हणून कौशल्याला जागा आहे, हे मान्य. पण ते कौशल्य एका रात्रीत दिसत नाही, हजारो डावांनंतर दिसतं. तोपर्यंत हरत राहण्याइतका पैसा कुणाकडे असतो? ज्याच्या बापाची जमीन आहे, दुकान आहे, त्याच्याकडे. महिन्याचा पगार घेऊन बसलेला पोरगा दोन वाईट डावांत उठतो. म्हणजे तिथेही शेवटी भांडवलच खेळतं.

शिवाय कॅसिनो प्रत्येक पॉटमधून आपला वाटा कापून घेतो. त्याला 'रेक' म्हणतात. हिशोब करून बघा. समजा दहा जण प्रत्येकी १०,००० रुपये घेऊन बसले. टेबलावर एक लाख. तासाला २५ डाव, सरासरी पॉट ४,००० आणि रेक ५ टक्के धरला, तर तासाला ५,००० रुपये कॅसिनोचे. आठ तासांत ४०,००० गेले. उरलेल्या साठ हजारांसाठी दहा जण एकमेकांचे खिसे कापतात. त्यातून कुणी जिंकलाच, तर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर. हरलेल्या पैशांची वजावट नाही.

दुसरा युक्तिवाद: पंचशीलात जुगार कुठे आहे? नाही, पण सिगालोवाद सुत्तात आहे. तथागतांनी राजगृहात एका तरुण गृहस्थाला संपत्ती नासण्याच्या सहा वाटा सांगितल्या, त्यात जुगार आहे. त्याचे परिणामही मोजून सांगितले: जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येतं, हरणारा शोक करतो, धन जातं, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, सोयरीक जुळत नाही. यात कुठे नरक नाही, देवाचा कोप नाही. सगळे परिणाम याच जन्मातले, डोळ्यांनी दिसणारे. बाबासाहेबांनीही प्राचीन आर्य समाजाची चिकित्सा करताना तिथल्या द्यूताच्या नादाकडे बोट दाखवलं. राज्य आणि बायको पणाला लावणाऱ्याला धर्मराज म्हणणारी परंपरा आपण सोडली आहे.

तिसरा युक्तिवाद सगळ्यात अवघड. एक पोरगा मला म्हणाला, "दादा, आठ तास बसलो, कुणी आडनाव विचारलं नाही." हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. ज्याला भाड्याची खोली शोधताना आडनाव आडवं येतं, ऑफिसात 'कोट्यातला' म्हणून ऐकावं लागतं, त्याला हिरव्या टेबलावरची ती अनोळखी बरोबरी सुखाची वाटणारच. लास व्हेगासच्या कॅसिनोत स्वतः डीलरचं काम केलेल्या अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६७ साली मांडलं की, जोखमीच्या जागी माणूस आपलं धैर्य, आपला बाणा दाखवायला जातो. आपल्या पोराला तिथे पैशाइतकाच मान हवा असतो.

पण आडनाव न विचारणं म्हणजे समता नव्हे. चिप्स आहेत तोवर तुम्ही 'सर', चिप्स संपल्या की खुर्ची दुसऱ्याची. महाडच्या तळ्यावर आपण ओळख लपवून पाणी प्यायलो नाही, ओळख सांगून प्यायलो. आणि गोव्याचा दुटप्पीपणाही बघा: २०२० पासून सरकारने स्वतःच्या गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई केली आहे. आपल्या लेकरांसाठी जे घातक, ते पर्यटकाच्या लेकरांसाठी चालतं. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आला नाही. २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. ते योग्यच झालं.

मग करायचं काय? हरून आलेल्या पोराला वस्तीत बदनाम करू नका. तो लाजेने गप्प बसला, की हरलेलं भरून काढायला पुन्हा कर्ज काढतो. आधी कर्जाचा हिशोब त्याच्यासोबत बसून करा. विहारात वंदनेनंतर महिन्यातून एकदा पैशांवर बोला. त्याच सुत्तात कमाईचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीला राखून.

१९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यायला सांगितलं होतं. विसावा भाग म्हणजे पाच टक्के. वरच्या हिशोबातल्या रेकएवढाच. तो पॉटमधून कापला जातो तेव्हा कुणी हरकत घेत नाही, विहाराची पावती पुढे आली की मात्र खिसा चाचपतो. दहा पोरांनी एका रात्रीत जहाजावर सोडलेले ते ४०,००० रुपये वस्तीतल्या अभ्यासिकेला दिले असते, तर किती मुलांची पुस्तकं आली असती? पुढच्या वेळी गोव्याची गाडी धरण्याआधी हा हिशोब मांडा.

जय भीम! नमो बुद्धाय!