आठवड्यातील एका दिवसाची परसबाग

परसबागेविषयी लिहिणारे बहुतेक लेखक काय लावावे हे सांगतात. लावलेले रोज कोणी जगवावयाचे, याविषयी मात्र मौन धरतात. आमचे आजचे चार शब्द या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहेत.

महसूल खात्यातील कारकुनीत आमचे आयुष्य गेले. गावोगावचे सातबारे हाताळताना एक गोष्ट वारंवार ध्यानात आली. पिकांच्या रकान्यात कापूस, मका, तूर, विहिरीचीही नोंद, आणि त्याच खातेदाराच्या घरी मेथीची जुडी मात्र आठवडे बाजारातून आलेली! कारण विचारता उत्तर ठरलेले : ‘शेताच्या कामातून सवड कोठे?’ हे उत्तर खोटे नाही. यास्तव ज्या बागेस रोज सवड लागते, ती शेतकऱ्याच्या दारी टिकणार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

आम्ही हे उशिरा शिकलो. छत्रपती संभाजीनगर शहराच्या कडेस आमचे घर आहे. नोकरीत असता एका रविवारी हौसेने हिरवळ, गुलाब व फुलकोबी लावली. सोमवारी आम्ही कचेरीत गेलो आणि पाणी घालण्याचे काम कुटुंबाच्या अंगावर पडले. २०१६ च्या उन्हाळ्यात, म्हणजे लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले त्या वर्षी, आमच्याही घरी टँकरचे पाणी मोजून वापरावे लागे. धुण्याचे पाणी बादलीने वाहून तिने गुलाब जगविण्याची खटपट केली. मे महिन्यात गुलाब गेले ते गेलेच. तिचे गुडघेही त्यानंतर पूर्ववत झाले नाहीत. हौस आमची होती, श्रम तिचे होते. हा हिशेब आम्ही तोपर्यंत मांडलाच नव्हता.

२०२० च्या फेब्रुवारीअखेर सरकारी कचेऱ्यांस पाच दिवसांचा आठवडा मिळाला, तेव्हा आम्ही नव्याने आरंभ केला आणि नियम एकच ठेवला : जे आठवड्यातून एका दिवसाच्या कामावर जगेल तेवढेच लावावयाचे.

थंड उत्तरेकडील देशांत सुटीच्या दिवशी बाग करणारे लोक पुष्कळ आहेत. तेथे हिवाळ्यात जमीन गोठते व बागेस आपोआप विश्रांती मिळते. अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात रूथ स्टाउट नामक बाईंनी बारमाही वाळल्या गवताचा जाड थर देऊन खणणे व खुरपणे टाळले, आणि त्यावर १९५५ साली पुस्तक लिहिले. आपला शत्रू हिम नसून वैशाखाचे ऊन आहे. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबरात. म्हणून काडीकचऱ्याचे आच्छादन येथे तण तर दाबतेच, पण त्याहून मोठे काम म्हणजे ओल राखते. तथापि तिकडची रीत जशीच्या तशी उचलू नये. आपल्याकडे वाळवी आहे. आच्छादन खोडापासून वीतभर दूर ठेवावे. पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी साचते, तेव्हा थर पातळ करावा व वाफे उंच घ्यावे.

झाडांची निवड हाच कमी श्रमाचा पाया होय. सीताफळ कोरडवाहू हवा सोसते व त्याच्या पाल्यास गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. शेवगा एकदा रुजला की फारसे मागत नाही. मात्र दरवर्षी छाटावा, नाहीतर शेंगा हाती येत नाहीत. कढीपत्ता व कागदी लिंबू यांस मुळाशी मडके पुरावे. मडके मातीचे, न रंगविलेले, गळ्यापर्यंत पुरलेले असावे व तोंडावर झाकण असावे. मोठे मडके चार-पाच दिवस झिरपते. वर आच्छादन असल्यास पुढील दोन दिवस निभतात. मोरीच्या पाण्यावर अळू लावावा; पण कच्च्या खावयाच्या भाज्या त्या पाण्यावर कदापि नकोत. कुंपणावर पावसाळ्यात दोडका व वाल चढवावेत. मेथी, पालक, कोथिंबीर यांचे दोन लहान वाफे दिवाळीनंतरच्या थंडीपुरते ठेवावेत. चैत्र लागताच ते मोडावेत व त्याबद्दल हळहळू नये.

मग त्या एका दिवशी काम उरते ते असे : मडकी भरणे, आच्छादन सारखे करणे, वाढलेली फांदी काढणे व तयार भाजी तोडणे. एका सकाळीत एवढे सहज आटोपते.

कोणी म्हणतील, ही आळशी माणसाची बाग झाली. आमचे म्हणणे असे की, रोजच्या श्रमाची बाग घालणारा पुरुष ते श्रम बहुधा स्वतः करीत नाही. ते घरातील स्त्रीच्या डोक्यावर हंड्याच्या रूपाने जातात. शेतात निंदणी-वेचणी करून आलेल्या बाईस आणखी दहा हंडे वाहावयास लावून पिकविलेली भाजी बाजारच्या भाजीहून स्वस्त कशी म्हणावी? ज्याने बाग लावावी, त्यानेच पाणी घालावे. आणि त्याच्याने जेवढे होईल तेवढीच बाग असावी.

यास्तव मृगापूर्वी प्रत्येक खातेदाराने आपले परसू एकदा मोजून पाहावे. किती जागा आहे हे पाहण्याआधी, आठवड्यात आपल्या हाती कोणता एक दिवस आहे व त्या दिवशी किती पाणी आहे, हे लिहून काढावे. त्या दोन आकड्यांत जेवढी झाडे बसतील तेवढीच लावावीत. आमच्या परसात आज सीताफळ, शेवगा, लिंबू, कढीपत्ता व अळू एवढेच आहे. पाणी आम्हीच घालतो, आणि आमचे कुटुंब ओट्यावर बसून शेंगा निवडते.